पंडिताबाईंची लेखणी

ख्रिस्ती झाला तो सरकारचा झाला, अशी समजूत इंग्रजी अमदानीत आपल्या घरांतून रूढ होती. पंडिता रमाबाईंकडे पाहिले म्हणजे ती किती उथळ होती, हे आम्हांस उमगते. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी तेथील धर्मगुरूंचे प्रत्येक मत त्यांनी निमूटपणे स्वीकारले नाही. पुढे १८९७ च्या प्लेगात पुण्यातील सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची जी विटंबना होई, तिच्याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रातूनच उघड टीका केली. राज्यकर्ते स्वधर्मीय, म्हणून लेखणी आवरली नाही. (हे कितीकांस साधते?) त्याच सुमारास मध्यप्रांतातील दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना त्यांनी आसरा दिला आणि केडगावी लिहिणे-वाचणे व हातचे काम शिकविले.