हडपसरकरांनो, आपलं नाट्यगृह आणि आपली मैदानं जागती ठेवा

मंडळी, वर्षातून एक दिवस अख्खं हडपसर रस्त्यावर येतं. पुण्याचा मुक्काम उरकून ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या सोलापूर रस्त्याने आपल्याकडे येतात आणि गाडीतळावर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउलींची पालखी दिवे घाट चढायला सासवडच्या रस्त्याला लागते, तुकोबांची लोणी काळभोरकडे निघते. त्या दिवशी आयटीतली पोरं आणि माळवाडीतली जुनी जाणती माणसं एकाच टेबलामागे उभी राहून वारकऱ्यांना केळी वाटतात. कुणाला आमंत्रण लागत नाही. असं गाव ज्यांचं आहे, त्यांच्याकडे एक मागणं आहे: उरलेल्या वर्षात इथल्या नाटकाला, गाण्याला आणि खेळालाही आपण असेच या.

आधी नाटकाचं बोलू. माळवाडीत महापालिकेचं विठ्ठल तुपे पाटील नाट्यगृह आहे. तरी नाटक म्हटलं की आपल्याला आठवतं बालगंधर्व, नाहीतर कोथरूडचं यशवंतराव चव्हाण. मग स्वारगेटची कोंडी, पार्किंगची शोधाशोध आणि रात्री उशिराचा परतीचा प्रवास डोळ्यांपुढे येतो आणि बेत बारगळतो. बालगंधर्व रंगमंदिर 1968 साली उघडलं. त्या पुण्याच्या हिशेबात मांजरी, फुरसुंगी, केशवनगर कुठे होतं? आता वस्ती तिथवर पसरली आहे. एवढ्या सगळ्यांनी प्रत्येक वेळी नदीकाठ गाठावा, हे होणारं नाही. नाटक घराजवळ हवं, आणि ते टिकवणं आपल्या हातात आहे.

ते कसं, हे नाटकाचा हिशेब पाहिला की कळतं. प्रयोग ठरला की थिएटरचं भाडं, कलाकारांची नाइट, नेपथ्य वाहून आणणारा टेम्पो, प्रकाश, ध्वनी, जाहिरात हा सगळा खर्च ठरलेलाच असतो. प्रेक्षक शंभर आले काय आणि सातशे आले काय, त्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त बुकिंगच्या गल्ल्यात. एखाद्या ठिकाणी दोन प्रयोग रिकामे गेले की निर्माता तिथली तिसरी तारीख घेत नाही. त्यानंतर ‘आमच्याकडे चांगली नाटकं येतच नाहीत’ म्हणून हळहळण्यात अर्थ उरत नाही.

मुंबईच्या आसपास पाहा. ठाण्यात गडकरी रंगायतन 1978 मध्ये सुरू झालं. पार्ल्यात दीनानाथ, कल्याणला अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले, वाशीला विष्णुदास भावे अशी नाट्यगृहं आहेत. आठवडाभर लोकलला लटकून कामावर जाणारी माणसं शनिवार-रविवारी पदरचे पैसे मोडून तिकिटं काढत आली, म्हणून आज दादरच्या शिवाजी मंदिराइतकाच या गावांचा विचार करून व्यावसायिक नाटकाचा दौरा आखला जातो. दमलेली माणसं तिथेही आहेत. जे त्यांना जमलं, ते आपल्यालाही जमेल.

प्रेक्षकच नव्हे, कलावंतही आपल्याच वाटेवर घडतात. निळूभाऊ फुले याच सोलापूर रस्त्यावरच्या वानवडीत, एएफएमसीमध्ये माळीकाम करत होते. नोकरी सांभाळून ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात काम करायचे. पुढे ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने त्यांचं नाव झालं आणि 1968 साली ‘एक गाव बारा भानगडी’ने त्यांना घराघरांत नेलं. माळीकाम करणाऱ्या तरुणाला एवढा मोठा नट व्हायला लागलं काय? तालमीची जागा, सोबतीला चार माणसं आणि समोर बसून मन लावून बघणारे लोक. आज आपल्या हडपसर औद्योगिक वसाहतीत, मगरपट्ट्याच्या कार्यालयांत, भाजी मार्केटात अशी किती मुलं-मुली असतील! त्यांना संध्याकाळी दोन तास हॉल द्या.

आता खेळाकडे वळू. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे. या खेळाला नियमांची चौकट देण्यात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा मोठा वाटा आहे. आणि साहित्य म्हणाल तर दोन खांब, रेषा आखायला फक्की आणि पळायला मोकळी माती. आठ जण पाठीला पाठ न लावता, एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसतात. नववा पाठलाग करतो, समोरचे तिघे चकवत पळतात. कधी ‘खो’ द्यायचा, कधी खांबावर झेपावायचं, हे क्षणात ठरवावं लागतं. ही चपळाई आणि ही समज मोबाइलवर येत नाही. महागडी अकादमी परवडत नाही म्हणून ज्या मुलांचे खेळ सुटतात, त्यांच्यासाठी खो-खो आणि कबड्डीसारखं दुसरं काही नाही. मुलीला खेळायला पाठवायला कचरणाऱ्या आईबापांनी तर त्या विजेत्या महिला संघाकडे जरूर पाहावं.

तेव्हा कामं वाटून घेऊ.

कुटुंबांनी महिन्यातून एक संध्याकाळ इथल्या नाटकाला किंवा मैफलीला द्यावी. तिकीट विकत काढावं, ओळखीने पास मागू नये. तिसऱ्या घंटेआधी जागेवर बसावं आणि मोबाइल बंद ठेवावा. नाट्यगृहात गैरसोय दिसली तर फक्त चडफडू नका. महापालिकेकडे लेखी तक्रार द्या आणि तिचा पाठपुरावा करा. तक्रार प्रेक्षकाची असली की तिला वजन येतं.

गणेश मंडळांनी स्पीकरच्या भिंतींवरचा थोडा खर्च कमी करून वस्तीतल्या मुलांची एक एकांकिका आणि एक कबड्डी स्पर्धा करावी. तेवढी वर्गणी लोक आनंदाने देतील.

सोसायट्यांनी आपला क्लबहाउस हॉल आठवड्यातून दोन दिवस तालमीला आणि भजनी मंडळांना द्यावा. गेटबाहेरच्या मुलांनाही आत घ्यावं. आपल्या घरी काम करणाऱ्या ताईंची मुलगी आणि आपला मुलगा एका संघात खेळले, तर दोघांचंही भलंच होईल.

शाळा-महाविद्यालयांना विनंती, की संध्याकाळी मैदानाचं फाटक उघडं ठेवा. सुरक्षेची, पाण्याची, साफसफाईची काळजी वाटत असेल तर पालकांची समिती करून ती जबाबदारी त्यांच्यावर सोपवा. पालकांनीही दहावी आली म्हणून खेळ बंद करण्याची घाई करू नये. रोजचा तासभर खेळ अभ्यासाच्या आड येत नाही.

आणि ज्येष्ठांनो, तुमच्यापैकी कुणी तालमीत घुमला असेल, कुणी मृदंग वाजवला असेल, कुणी राज्य नाट्य स्पर्धेत काम केलं असेल. ती विद्या घरात ठेवू नका. दोन मुलं हाताशी धरा.

हडपसरची शेतं गेली, तिथे इमारती आल्या, लांबलांबून माणसं येऊन राहिली. यात कुणाचा दोष काढायचा नाही. पण एकाच प्रयोगाला बसून हसलेली आणि एकाच सामन्यात ओरडलेली माणसंच पुढे एकमेकांच्या अडीअडचणीला धावतात. म्हणून येत्या शनिवार-रविवारी तुपे नाट्यगृहात काय आहे ते बघा, तिकिटं काढा आणि शेजारच्या घरालाही सोबत घेऊन या.