घडविलेली माणसे जातात कुठे?

रात्री लातूर किंवा नांदेडहून पुण्याकडे निघणाऱ्या खासगी बसगाड्यांपाशी क्षणभर उभे राहावे. चढणाऱ्यांत यात्रेकरू थोडे. नोकरदार आणि नोकरीच्या शोधात निघालेले तरुणच अधिक. एका हातात प्रमाणपत्रांची पिशवी, दुसऱ्या हातात आईने बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी. दिवाळी सरली की या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते.

हे दृश्य एखाद्या शिक्षणात मागे पडलेल्या प्रदेशाचे असते तर ते समजण्यासारखे होते. परंतु शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी नावारूपाला आणलेला ‘लातूर पॅटर्न’ उभ्या महाराष्ट्राने गिरवला. नांदेडला १९८१ पासून श्री गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे. घडविण्यात आपण कमी पडलो नाही. घडविलेला माणूस येथे ठेवून घेण्यात मात्र सपशेल कमी पडलो.

मनुष्यबळ व्यवस्थापन म्हटले की आपल्याला पुण्या-मुंबईतील काचेच्या इमारती आठवतात. तो विषय आपला नव्हे, अशी समजूत असते. (माणसाला कोळसा-पाण्याप्रमाणे ‘संसाधन’ म्हणण्याची रीत आपल्याला कधीच रुचली नाही. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानेही १९८५ साली घेतलेले मनुष्यबळ विकास हे नाव २०२० मध्ये टाकून दिले.) पण कंत्राटी भरती, ठरावीक मुदतीच्या नेमणुका, अर्जांची संगणकाकडून चाळणी या नव्या रीतींचा पहिला फटका बसतो तो अहमदपूरच्या वा मुखेडच्या मुलालाच. त्याला काम येते. पण ते इंग्रजी अर्जात कसे मांडावे हे कोणी शिकविलेले नसते. २०२४ मध्ये राज्य सरकारने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत दरमहा सहा ते दहा हजार रुपये विद्यावेतन ठेवले गेले. हेतू चांगला होता. तथापि, प्रशिक्षणाची मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न आस्थापनांनी स्वतःला विचारला नाही, तर अशी योजना म्हणजे स्वस्तातला मनुष्यपुरवठा ठरतो.

आता लातूरच्या दारात मोठी परीक्षा उभी आहे. ३१ मार्च २०१८ रोजी येथील मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याचे भूमिपूजन झाले. २५ डिसेंबर २०२० रोजी पहिला सांगाडा तयार झाला. पुढे १२० वंदे भारत शयनयान गाड्यांचे काम रेल विकास निगम आणि रशियन भागीदाराच्या संयुक्त कंपनीकडे गेले आणि त्यासाठी लातूरची निवड झाली. या कामात जोडारी, विद्युत तारतंत्री, गुणवत्ता तपासनीस लागतील. ते कुठून येणार? जमीन लातूरची, पहारेकरी लातूरचा आणि कुशल कारागीर बाहेरचा, अशी वाटणी झाली तर दोष केवळ कंपनीचा नसेल. नांदेडची उस्मानशाही गिरणी बंद पडली तेव्हा नुसते पगार गेले नाहीत. यंत्राशी बोलणारे हातही पांगले. ते हात पुन्हा घडवायला वेळ लागतो.

प्रवाह उलटा वाहू शकतो, हे याच लातूरने पाहिले आहे. १९६६ साली डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांचे सहकारी डॉक्टर पुण्यात थांबण्याऐवजी येथे आले आणि विवेकानंद रुग्णालय उभे राहिले. डॉ. कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले. पण व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने पाहावे ते वेगळेच. लहान गावात तज्ज्ञ माणसे वर्षानुवर्षे टिकली, ती केवळ वेतनामुळे खासच नव्हेत. कामाला अर्थ होता, निर्णयात वाटा होता, सहकाऱ्यांचा घरोबा होता.

घरोब्याचा विषय निघालाच आहे, तर एक कटू गोष्ट आपल्याच माणसांना सांगायला हवी. डाळ गिरणी, तेल गिरणी, दुकान, खासगी शिकवणी चालविणारे आपले अनेक बंधू कामगाराला ‘घरच्यासारखा’ म्हणतात. मात्र नियुक्तिपत्र मागितले की तो परका होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. नियुक्तिपत्र आता बंधनकारक आहे. ठरावीक मुदतीच्या कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे थांबावे लागत नाही, एका वर्षाच्या सेवेवर ती मिळते. कायद्याचा दंडुका येईपर्यंत वाट का पाहावी? वीस माणसांची गिरणी चालविणाऱ्याने येत्या पगाराच्या दिवशी वीस पत्रे लिहावीत. आणि लातूर-नांदेडच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या प्राचार्यांनी कोच कारखान्याच्या व्यवस्थापनाबरोबर एकदा बसून कोणत्या कामाला किती माणसे लागतील, त्यांना काय यायला हवे, याची यादी मागून घ्यावी. ती यादी गावोगावच्या शाळांच्या फलकांवर लागली पाहिजे, आणि तीही मराठीत.