परक्या माशांचा पाहुणचार

वेळापुरासारख्या कोरड्या मुलखांतील गांवीं बसून समुद्रांतील परक्या जीवांची चिंता करणारास लोक हंसतील. परंतु ज्या उपद्रवानें समुद्र गांजला आहे तोच आमच्या भीमेंतहि शिरला आहे. आणि समुद्राच्या बाबतींत जगाला जी जाग आली ती नदीच्या बाबतींत आम्हांस अजून आलेली नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

जहाजें तोल सांभाळण्यासाठीं पोटांत पाणी भरून घेतात आणि दूरच्या बंदरांत तें सोडून देतात. त्या पाण्यांतून परके जीव येतात. कांहीं तर जहाजांच्या बुडालाच चिकटून येतात. मध्य अमेरिकेकडील एक लहानसा शिंपला असाच विशाखापट्टणम् व मुंबई येथील गोद्यांत ठाण मांडून बसला. जहाजांतील या पाण्याविषयीं २००४ सालीं आंतरराष्ट्रीय करार झाला व २०१७ पासून तो अंमलांत आला. समुद्रांत जो न बोलावतां येतो त्याच्यासाठीं नियम. नदींत आपण ज्याला हातानें सोडतों त्याच्यासाठीं मात्र कौतुक!

उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. वाहती भीमा अडली, आणि मरळ, वाम, शिंगटा यांच्या डोहांच्या जागीं स्थिर पाण्याचा विस्तीर्ण जलाशय पसरला. आज तेथील जाळ्यांत येते ती मुख्यतः चिलापी. ती मूळची आफ्रिकेची. तिची पहिली जात १९५२ सालीं भारतांत आली ती चोरवाटेनें नव्हे, तर स्वस्त अन्न मिळावें म्हणून समारंभानें आणली गेली. कांहीं महिन्यांतच ती वयांत येते, अंडीं व पिल्लें तोंडांत सांभाळते आणि वर्षांतून अनेकदां विते. १९५९ सालीं तिच्या प्रसारास बंधन घालण्यांत आलें. पण मासा कांहीं सरकारी ठराव वाचीत नाहीं.

आफ्रिकी मांगुराची कथा याहून बोधप्रद आहे. हा मांसभक्षक मासा हवेंतून श्वास घेतो व ओल्या जमिनीवरूनहि सरकतो. त्याच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश २०१९ सालीं झाला आणि उजनीच्या परिसरांतील तळीं रिकामीं करून मत्स्यव्यवसाय खात्यानें मांगूर पुरला. योग्यच झालें. परंतु पुरला गेला मासा आणि बुडाला तळ्याचा मालक. त्याच्या तळ्यापर्यंत तें बीज राजरोस पोंचूं देणाऱ्या व्यवस्थेला कोणीं जाब विचारला?

यावर कोणी म्हणेल कीं, चिलापीवर कोळ्यांचीं पोरें जगतात. तें खरें आहे, व तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जो एकाच स्वस्त माशावर जगतो त्याला तुम्ही तारलें नाहीं, त्याला तुम्ही बांधून टाकलें आहे. भाव पडला कीं त्याच्या हातीं दुसरें कांहींच उरत नाहीं.

दुसरे म्हणतील, परदेशी मासा नको, देशी रोहू-कटला सोडा. येथेंच खरी गफलत आहे. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेकडचे. भीमेला तेहि पाहुणेच. देशाच्या सीमा माणसांनीं आंखल्या. नदीची सीमा तिचें खोरें होय. जें धोरण पारपत्र पाहून मासा देशी कीं परका ठरवितें, त्याला नदी कळलेलीच नाहीं.

जे आले ते आतां घालवितां येणार नाहींत. म्हणूनच पुढचें पाऊल जपून टाकलें पाहिजे. जो मासा ज्या खोऱ्याचा नव्हे त्याचें बीज तेथील उघड्या पाण्यांत सोडूं नये; तळ्यांतून निसटलेल्याची जबाबदारी मालकावर व खात्यानें सोडलेल्याची खात्यावर असावी; आणि सरकारी पैसा मरळ-वाम यांचें बीज वाढविण्याकडे वळवावा.

दोष एकट्या सरकारचाहि नाहीं. घरांतील काचपेटींतला मासा फार वाढला म्हणून त्याला ओढ्यांत सोडून जीवदयेचें पुण्य जोडणारे आपण सुशिक्षितच आहों. दक्षिण अमेरिकेचा कांटेरी सकर मासा आपल्या देशांतील पाण्यांत पोंचला तो अशाच शोभेच्या पेट्यांतून. आपलें पुण्य पेटींतून बाहेर पडतें आणि कोळ्याचें जाळें फाडतें.