शिखरजीची वाट आणि मोंढ्याचे पंचांग



क्षमापनेचा दिवस झाला की आपल्या जिल्ह्यातील बहुतेक जैन घरांत एक विषय हमखास निघतो. ‘यंदा शिखरजीला जाऊन येऊ.’ घरातील वडीलधारी मंडळी मान डोलावतात, सुना उत्साहाने बॅगांचा हिशेब करू लागतात, आणि मग दुकानाचे गणित पुढे येते. दसरा-दिवाळीला सोयाबीन आणि कापूस मोंढ्यात येऊ लागतो. जिनिंगची घरघर माघापर्यंत थांबत नाही. मध्येच तुरीची आवक, पाठोपाठ हरभरा. मार्चअखेर हिशेबाची. अक्षय्य तृतीयेपासून लग्नसराई आणि खते-बियाण्यांची धांदल. आषाढात चातुर्मास बसतो. मोंढ्याच्या पंचांगात रिकामे पान सापडत नाही आणि यात्रा पुढच्या वर्षावर जाते. असे पाच-सात वेळा घडले की आईचे गुडघे उत्तर देतात.

म्हणून या लेखात एकच आग्रह धरावयाचा आहे. शिखरजीच्या यात्रेची तिथी दुकानाच्या सवडीवरून ठरवू नये. घरातील सर्वांत वयोवृद्ध यात्रेकरूच्या शक्तीवरून ठरवावी. वाहन, तिकीट, मुक्काम, सोबती हे सारे त्यानंतर.

हा विचार नवा नाही. पूर्वी यात्रासंघ निघत तेव्हा संघ काढणाऱ्यास संघपती म्हणत. ‘संघवी’ हे आडनाव त्याच मानाची खूण आहे. संघात वृद्ध, बालके, त्यागी, सारेच असत, आणि सर्वांना सुखरूप नेऊन परत आणणे हा संघपतीचा धर्म होता. सन १९०० मध्ये निजामाच्या हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेने परभणी मनमाडशी जोडली गेली. पुढे १९०६ मध्ये गया-धनबाद बाजूचा ग्रँड कॉर्ड मार्ग खुला झाला आणि पारसनाथ स्थानक मुख्य लोहमार्गावर आले. महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. संघपतीची जबाबदारी मात्र आता घरच्या कर्त्या मुलावर आली आहे.

प्रथम ऋतूचा विचार करू. चातुर्मासात साधुसाध्वी विहार थांबवितात, कारण पावसाळ्यात जीवोत्पत्ती विपुल असते. शत्रुंजयाची यात्रा तर या काळात बंदच असते आणि कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते. शिखरजीला श्रावण शुद्ध सप्तमीस, भगवान पार्श्वनाथांच्या निर्वाणदिनी, मोठी गर्दी लोटते. परंतु निसरडी वाट, पाऊस आणि गर्दी या तिन्ही गोष्टी वृद्धांस प्रतिकूल आहेत. वैशाख-ज्येष्ठात ऊन सोसत नाही. राहतात ते कार्तिकी पौर्णिमेपासून फाल्गुनापर्यंतचे चार महिने.

या चार महिन्यांतही भेद आहे, आणि त्याकडे आपले लक्ष क्वचित जाते. पारसनाथ पर्वत परभणीच्या बराच पूर्वेला व काहीसा उत्तरेला आहे. घड्याळ एकच असले तरी सूर्य तेथे लवकर मावळतो. डिसेंबरअखेर परभणीत सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो, तर मधुबनात पाचच्या सुमारास. हा पाऊण तास रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्यास फार मोलाचा आहे. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, आधी अन्नपाणी आटोपण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांच्यासाठी डिसेंबरात दिवस सव्वाचारलाच संपतो.

आता वंदनेचा हिशेब मांडू. चढ ९ किलोमीटर, वरील टोंकांची परिक्रमा ९ किलोमीटर आणि उतार ९ किलोमीटर, एकूण २७ किलोमीटर. सशक्त माणसास नऊ-दहा तास लागतात. साठी ओलांडलेल्यास बारा तास धरावेत. पहाटे चारला निघालेली आजी दुपारी चारला खाली येते. पर्वत पवित्र मानून वर अन्न न घेणारे बहुसंख्य आहेत. स्नान, विश्रांती होऊन ताट समोर येईपर्यंत वेळ टळलेली असते आणि मनात नसलेला उपवास पदरी पडतो. उपवास संकल्पाने केला तर तप होते; घड्याळाच्या चुकीने घडला तर भोवळ येते. फेब्रुवारीच्या अखेरीस मात्र तेथील सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो, थंडीचा कडाका ओसरलेला असतो आणि ऊन अजून तापलेले नसते. वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांसाठी फेब्रुवारीचा उत्तरार्ध व मार्चचा पहिला आठवडा हाच काळ उत्तम.

येथे दोन आक्षेप येतील. त्या दिवसांत हरभरा येऊ लागतो आणि मुलांच्या दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. दोन्ही खरे आहेत. त्यावर उपाय एकच, की सारे कुटुंब एकाच वेळी निघण्याचा हट्ट सोडावा. दोन भाऊ असतील तर एकाने आईवडिलांबरोबर जावे, दुसऱ्याने पेढी सांभाळावी. पुढील वर्षी पाळी बदलावी. मुलांची यात्रा दिवाळीच्या सुटीत स्वतंत्र होऊ शकते. मुलांकडे पुढची पन्नास वर्षे आहेत.

आता वाहनाचा मार्ग. परभणीहून मनमाड सुमारे २९० किलोमीटर. तेथून प्रयागराजमार्गे जाणारी मुंबई-हावडा मेल भुसावळ, जबलपूर, गया करीत पारसनाथला पोहोचते. मनमाडनंतरचा प्रवास चोवीस तासांहून अधिक आहे. नागपूरमार्गे हावड्यास जाणाऱ्या गाड्या पारसनाथला जात नाहीत, म्हणून तिकीट काढताना केवळ ‘हावडा’ हे नाव पाहून निर्णय करू नये. मनमाड-परभणी मार्ग अद्याप बहुतांशी एकेरी आहे. समोरच्या गाडीसाठी थांबावे लागते आणि वेळ चुकते. त्यामुळे मनमाडला दोन गाड्यांमध्ये पाच-सहा तासांचे अंतर असू द्यावे. त्याहून बरे म्हणजे आदल्या दिवशी छत्रपती संभाजीनगरास उतरावे, कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांचे दर्शन घ्यावे आणि विश्रांती घेऊन पुढे जावे. ज्यांना रेल्वेचा दीर्घ प्रवास झेपत नाही त्यांनी हैदराबाद गाठून विमानाने रांची आणि तेथून चार-पाच तास मोटारीने मधुबन, असा मार्ग घ्यावा. खर्च वाढतो, पण कंबर वाचते.

आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. २० फेब्रुवारीस निघावयाचे तर २२ डिसेंबरला सकाळी तिकिटे काढावी लागतील. म्हणजे घरातील निर्णय मार्गशीर्षातच व्हावा. आणखी एक बारकावा. खालच्या शायिकेचा राखीव कोटा ६० वर्षांवरील पुरुषांना व ४५ वर्षांवरील स्त्रियांना मिळतो. परंतु एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी आणि दोघेही या अटीत बसणारे असतील तरच. सहा जणांचे एकत्र तिकीट काढले की आजी वरच्या शायिकेवर जातात आणि मग डब्यात विनवण्या सुरू होतात. आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढावे.

पारसनाथ स्थानक इसरी गावात आहे. तेथून मधुबन वीस-पंचवीस किलोमीटर, मोटारी मिळतात. तेरापंथी कोठी, बीसपंथी कोठी, श्वेतांबर कोठी, सर्वत्र निवासाची व शुद्ध भोजनाची सोय आहे. खोली तळमजल्यावरची मागावी. आणि पोहोचल्याच्या दुसऱ्या पहाटे वंदनेस निघू नये. पूर्ण एक दिवस मधुबनातील मंदिरांच्या दर्शनात, हलक्या आहारात आणि लवकर झोपण्यात घालवावा.

या विश्रांतीच्या दिवसावर बरेच जण कात्री चालवितात. आपल्या घरातील तरुण हल्ली दूरदूरच्या पर्वतांवर जातात. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात जाणारे काय करतात, ते त्यांनाच विचारावे. पेरूमधील कुस्को शहर सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे; तेथे उतरल्यावर शरीर विरळ हवेस रुळावे म्हणून एक-दोन दिवस राखून ठेवतात, किंवा आधी खालच्या खोऱ्यात मुक्काम करतात. डिसेंबर ते मार्च तेथे पावसाळा, म्हणून बहुतेकांचा बेत मे ते सप्टेंबरच्या कोरड्या महिन्यांचा असतो. माचू पिचूकडे जाणारी इंका पायवाट तर फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी बंदच असते. तेथे पर्वत वेळापत्रक ठरवितो आणि माणूस ते निमूट मान्य करतो. पारसनाथाची उंची १,३६५ मीटर. येथे हवा विरळ होण्याचे भय नाही. पण दोन रात्री गाडीत आखडलेल्या सत्तरीतील देहाला हा चढ अँडीजहून सोपा वाटत नाही. परदेशी सहलीत जो विवेक आपण पैसे देऊन पाळतो, तो वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीसाठी भक्तिभावाने पाळण्यास काय हरकत आहे?

डोलीविषयी संकोच नसावा. चालवेल की नाही याची शंका असेल तर आदल्या सायंकाळीच ठरवावी. अर्ध्या वाटेवर डोली शोधणे कठीण. डोलीचा दर साधारणतः वजनावर असतो. वजन खरे सांगावे आणि घासाघीस करू नये. चार आण्यांसाठी मोंढ्यात घासाघीस करणे हा व्यवहार असेल. ज्याच्या खांद्यावर आपली आई आहे त्याच्याशी ती करणे अहिंसेच्या कोणत्या व्याख्येत बसते? त्यालाही वाटेत विसावा द्यावा.

शेवटी पूर्वतयारी. त्यासाठी दूर जावयास नको. जिंतूरजवळचा नेमगिरी आपल्या जिल्ह्यातच आहे. निघण्यापूर्वी दोन महिने दर रविवारी वडीलधाऱ्यांना घेऊन तो डोंगर हळूहळू चढावा, गुंफांतील भगवान नेमिनाथांचे व अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन घ्यावे आणि उतरताना त्यांच्या पावलांकडे लक्ष द्यावे. चढताना दम सांगतो, उतरताना गुडघे सांगतात. कोणास चालवेल, कोणास डोली लागेल, कोणी मधुबनातूनच भावपूर्वक वंदना करावी, याचे उत्तर तेथे मिळते. वैद्यांचा सल्ला आणि रोजच्या औषधांची दुप्पट पुडी याच काळात तयार ठेवावी.

परभणी सोडल्यापासून घरी परत येईपर्यंत नऊ दिवस धरावेत. दोन दिवस जाण्याचे, एक विश्रांतीचा, एक वंदनेचा, एक पुन्हा विश्रांतीचा, दोन परतीचे, दोन गाड्यांच्या विलंबासाठी हाताशी. राजगिरीच्या पाच टेकड्या आणि चंपापुरी याच फेरीत उरकण्याचा मोह वृद्ध सोबत असताना टाळावा. फार तर पावापुरी जोडावी. तेथे चढ नाही.

मोंढ्यात हरभरा दरवर्षी येतो. या दिवाळीला वहीपूजन कराल तेव्हा नव्या वहीच्या पहिल्या पानावर फेब्रुवारीतील हे नऊ दिवस लिहून ठेवा, आणि त्याखाली आईवडिलांची नावे लिहा.