गुडघा आणि वीणेची तार

पवईच्या टेकडीवरील वस्तीत आम्हा कष्टकऱ्यांचा गुडघा गेला की रोजीच बुडते. वाटी वारंवार सरकत असेल तर डॉक्टर तिचा कंडरा जिथे जोडलेला असतो, तो नडगीच्या हाडाचा तुकडा कापून सरकवतात व स्क्रूने बसवतात. हाड जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. आपण मात्र पगारापायी लवकर कामावर धावतो, नाहीतर भीतीने पायच हलवत नाही. दोन्ही घातक.

चालून चालून पाय रक्ताळलेल्या सोण भिक्खूला तथागतांनी समजावले की, वीणेची तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. म्हणून डॉक्टरांनी सांगितला तेवढा व्यायाम रोज करावा. पोटरी सुजून दुखली तर त्वरित रुग्णालय गाठावे. विहारात वंदनेला खुर्चीवर बसावे, त्यात कमीपणा नाही. पाण्याचा हंडा घरातील पुरुषांनी उचलावा. हीच खरी मैत्री. जय भीम!