पेपरवर नक्की काय आहे?

नरसोबाची वाडी, म्हणजे नकाशावरचं नृसिंहवाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुका, बासुंदी आणि कवठाची बर्फी. पुण्यात आयटीत असलेला माझा मावसभाऊ घाटावर हळूच म्हणाला, "ताई, आमच्या ग्रुपमध्ये कधीकधी पेपर येतो. एलएसडीने कुणी मरत नाही ना गं?" मावशी तेव्हा वर बर्फीच्या दुकानात होती. नशीब!

माझा उलटा प्रश्न : पेपरवर एलएसडीच आहे, हे तुला सांगितलं कुणी?

एलएसडीबद्दल बरंच काही ठाऊक आहे. आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये ते अरगटच्या रसायनापासून बनवलं. आपल्या बाजरीवर जो अरगट पडतो ना, त्याच्याच जातकुळीतली ही बुरशी. १९४३ मध्ये त्याचा परिणाम त्यांनी स्वतःवरच अनुभवला. पुढे त्यावर ढीगभर अभ्यास झाला. त्याच्या थेट विषबाधेने मृत्यू क्वचितच होतो. अपघात, प्रचंड घाबरगुंडी, दबलेला मानसिक आजार उसळणं हे धोके मात्र आहेतच.

पण त्याच चौकोनी कागदावर 'एन-बॉम' असेल तर? पूर्ण नाव २५आय-एनबीओएमई. २००३ मध्ये बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत राल्फ हाइम यांनी ते पीएचडीच्या कामात तयार केलं. मेंदूत सेरोटोनिनचं '५-एचटी२ए' नावाचं एक कुलूप असतं. एलएसडी ते अर्धवट फिरवतं, एन-बॉम जवळजवळ पूर्ण. कुलपाचा अभ्यास करणाऱ्यांना अशीच किल्ली हवी होती. माणसाने ती जिभेवर ठेवावी, हा बेत कुणाचाच नव्हता! त्यामुळे माणसांवर रीतसर सेफ्टी ट्रायल अशी झालीच नाही. २०१० च्या सुमारास ते इंटरनेटवर विकायला आलं, २०१२ पासून अमेरिकेत मृत्यू नोंदले जाऊ लागले आणि २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ते बंदीच्या सर्वांत कडक यादीत टाकलं.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) हेच कुलूप रक्तवाहिन्यांनाही असतं. त्या आवळतात. नाडी धावते, बीपी चढतं, अंग तापतं, फिट्स येतात. स्नायू विरघळू लागले की त्यांचा कचरा किडनीत अडकतो. शिवाय मिलिग्रॅमच्याही आत परिणाम करणारं हे रसायन कागदावर सारखं पसरलेलं असेलच असं नाही. मित्राचा चौकोन सौम्य निघाला म्हणून तुमचाही निघेल, हा हिशेब इथे चालत नाही. पेपर कडू लागला, जीभ बधिर झाली, तर ते बहुधा एलएसडी नाही. थुंकून टाका. चव नसली म्हणजे सेफ, असं मात्र नाही.

'हे सगळं गोव्यात' असं कुणी म्हणेल. मार्च २००७ मध्ये सिंहगडाजवळ डोणज्यात पोलिसांनी अडीचशेहून जास्त तरुणांना पकडलं होतं, आठवतंय? आणि २०२१ मध्ये एमडीचा कारखाना सापडला तो आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यात, चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत. एमडी वेगळं रसायन, पण अंतराचा भ्रम तेवढा गेला. कायद्याचंही ऐका. एलएसडीची 'व्यावसायिक मात्रा' फक्त ०.१ ग्रॅम आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कागदाचं वजनही त्यात धरलं. थोडेसे चौकोन आणि जामीन अवघड!

कुणाचं अंग भट्टीसारखं तापलं, झटके आले, तर 'उतरेल सकाळपर्यंत' म्हणत बसू नका. १०८ लावा. एन-बॉमवर उतारा नाही. डॉक्टर झटके थांबवणारी औषधं देतात, अंग थंड करतात, सलाईन लावतात आणि हे वेळेत झालं तर माणूस वाचू शकतो. नेहमीच्या युरीन टेस्टमध्ये एन-बॉम दिसत नाही. म्हणून काय घेतलं, कधी घेतलं, सोबत दारू होती का, हे सोबतच्या मित्रानेच सांगायचं. पेपरचा तुकडा उरला असेल तर तोही डॉक्टरांना दाखवायचा.