ऑनर्सचे चौथे वर्ष
2024 पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत चार वर्षांचा ऑनर्स अभ्यासक्रम आला आणि अंधेरी-मुलुंडच्या आपल्या धर्मग्रामांतील पालकांना आणखी एका वर्षाच्या शुल्काची चिंता पडली. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते, हे खरे. परंतु पुढे एम.ए. करणाऱ्याचे वर्ष वाया जात नाही. ऑनर्सनंतर ते एकाच वर्षात होते. आम्हांस खटकते ते निराळेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यानुसार 12 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्यांसाठीच आहे. संध्याकाळी शिकवण्या घेऊन घराला हातभार लावणारी मुलगी 74 वर अडली, तर प्रकल्पाऐवजी तीन विषय घेऊन तिला ऑनर्स मिळेल. स्वतः काही शोधून पाहण्याची संधी मात्र हुकेल.